पोर्टलवरची लाल चांदणी कोण लावते?

शिष्यवृत्ती ही आपल्याला कुणाच्या मेहरबानीने मिळालेली नाही, इथूनच सुरुवात करू. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. सयाजीराव महाराजांचे ते ऋण आपण मानतो. पण एका राजाच्या मोठ्या मनामुळे एक विद्यार्थी शिकणे वेगळे आणि समाजातल्या प्रत्येक लेकराचा शिकण्याचा खर्च शासनाने हक्क म्हणून उचलणे वेगळे. हा फरक बाबासाहेबांना स्वतःच्या आयुष्यातून कळला होता. म्हणून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयपुढे ठेवले. उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या ही त्यातली एक मागणी होती. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज वस्तीत जिला 'भारत सरकारची स्कॉलरशिप' म्हणतात, ती हीच.

आज या योजनेत पैसा नाही असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. त्यातले ६० टक्के केंद्राने आणि बाकीचे राज्यांनी द्यायचे असे ठरले. हक्क आहे, योजना आहे, मंजुरी आहे. मग आमच्या वस्तीतल्या मुलामुलींपर्यंत ती पोचताना नेमके कुठे अडते? आमचे उत्तर असे आहे : ती दारात अडते. आणि ते दार आता कचेरीचे राहिलेले नाही, ते पोर्टलचे झाले आहे.

आम्ही गेली काही वर्षे मराठवाड्यातल्या वस्त्यांमध्ये मुलांचे अर्ज भरून द्यायला मदत करतो. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही 'राज्यसंस्था' हा शब्द पुस्तकात पुष्कळ वाचला. पण राज्यसंस्था प्रत्यक्ष कशी वागते, हे आम्हाला कळले ते सायबर कॅफेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. ऑनलाइन अर्जात काही रकान्यांपुढे लाल रंगाची छोटी चांदणी असते. तो रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. ही चांदणी आम्हाला आजच्या कारभाराचा खरा कायदा वाटते. का, ते सांगतो.

विधिमंडळात कायदा होतो तेव्हा त्यावर चर्चा होते, वर्तमानपत्रात येते, कुणीतरी विरोध करतो. केंद्र सरकारने तर २०१४ साली असे धोरण ठरवले की कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा आणि त्यांची मते घ्यावीत. पण पोर्टलवर एखाद्या रकान्यापुढे नवी चांदणी लागते तेव्हा काय होते? काहीच होत नाही. मसुदा नाही, हरकती नाहीत, सूचना नाहीत. काल जो अर्ज भरता येत होता तो आज भरता येत नाही, एवढेच मुलाला कळते. योजनेचा शासन निर्णय तोच असतो. त्यातला एक शब्दही बदललेला नसतो. तरी हक्क बदललेला असतो.

राज्यघटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी नेमका हा धोका सांगितला होता. घटनेला हात न लावता, नुसते कारभाराचे रूप बदलून तिचा हेतू मोडून काढता येतो, असा त्यांचा इशारा होता. म्हणून कारभाराचे तपशीलही त्यांना घटनेत हवे होते. आज कारभाराचे रूप म्हणजे स्क्रीन आहे. बाबासाहेबांचा इशारा आपण पोर्टलला लावून पाहिला पाहिजे.

या चांदण्या लावणाऱ्याच्या डोळ्यापुढे कोणता विद्यार्थी असतो? आम्ही अर्ज भरता भरता त्याचे चित्र जमवले आहे. त्याच्या घरात प्रत्येकाचा वेगळा मोबाईल असतो. त्याचा नंबर दहा वर्षे बदललेला नसतो. त्याचे वडील घरीच असतात आणि पगारपत्रक आणून देतात. त्याच्या खानदानात सगळ्यांच्या कागदावर नाव, धर्म आणि जात एकाच पद्धतीने लिहिलेली असते. त्याच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग शाळेत, आधारवर आणि बँकेत एकच असते. हा विद्यार्थी कोण आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. तो आमच्या वस्तीत राहत नाही.

आमच्या वस्तीतले उदाहरण घ्या. आजोबांनी १९५६ नंतर धम्म स्वीकारला. पण वडिलांना शाळेत घालताना मास्तरांनी दाखल्यावर 'हिंदू महार' लिहिले. मुलीच्या दाखल्यावर 'बौद्ध' आहे. जातीच्या दाखल्यावर तिसराच शब्दप्रयोग आहे. कायद्याने हा प्रश्न कधीच सुटला आहे. १९९० मध्ये संसदेने दुरुस्ती करून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या. पण पोर्टलवरच्या यादीतून धर्म आणि जात निवडताना तीन कागदांवरचे तीन शब्द जुळत नाहीत आणि अर्ज परत येतो. संसदेने उघडलेले दार एका यादीने लावून घेतले. ही यादी करणाऱ्याला नवबौद्ध म्हणजे काय हे ठाऊक असते, तर ती अशी झाली नसती. त्याला विचारायचे सुचले असते, तरी झाली नसती.

दुसरे उदाहरण. नवऱ्याने टाकलेली एक बाई मुलाचा अर्ज भरायला आली. वडिलांच्या उत्पन्नाचा रकाना, पुढे चांदणी. नवरा कुठे आहे हे तिला बारा वर्षे माहीत नाही. ती आम्हाला म्हणाली, ''त्यानं कधी पोराला वही घेऊन दिली नाही, अन् आता त्याच्या नावाबिगर पोराचं शिक्षण पुढं सरकंना व्हय?'' आमच्याकडे उत्तर नव्हते. स्त्री-पुरुष समतेवर शासनाची किती परिपत्रके आहेत! पण पितृसत्ता कुठे शिल्लक राहते तर चांदणी लावलेल्या रकान्यात.

तिसरे उदाहरण सांगताना आजही जीव कासावीस होतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. आईबाप ऊसतोडीला जाणारे. अर्ज वेळेत भरला, पावती घेतली, सगळे झाले. मधल्या काळात अर्ज 'त्रुटीसाठी परत' आला. त्याचा संदेश गेला बापाच्या नंबरवर. रिचार्ज संपून तो नंबर केव्हाच बंद पडला होता. तिला कळले तेव्हा मुदत संपली होती. कॉलेजने फी मागितली. घरात मुकादमाची उचल होती, रोकड नव्हती. त्या हंगामात ती पोरगी आईबरोबर फडावर गेली. तिचा अर्ज कोणत्या त्रुटीसाठी परत आला होता? स्क्रीनवर दोनच शब्द होते : 'दस्तऐवज अवैध'. कोणता दस्तऐवज, का अवैध, कुणी ठरवले, काही नाही.

पैसा थकला की आपल्या लेकरांच्या आयुष्यात काय होते, हे या चळवळीला कुणी शिकवायला नको. रोहित वेमुलाच्या शेवटच्या पत्रातही सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा उल्लेख होता. त्याच्या मृत्यूची कारणे त्याहून मोठी होती, हे खरेच. पण शिष्यवृत्तीचा उशीर ही किरकोळ तांत्रिक अडचण आहे, असे यापुढे कुणी आपल्याला सांगू नये.

यावर आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, 'हे पोर्टलच बंद करा, जुनी कागदी पद्धत बरी होती.' आम्हाला हे पटत नाही. जुन्या पद्धतीत खिडकीपलीकडचा माणूस आडनाव वाचून आवाज बदलायचा. फाईल सरकवायला चहापाणी लागायचे. मुलाचा पैसा मधेच कुठे मुरायचा याचा पत्ता नसायचा. आज रक्कम थेट आधार जोडलेल्या खात्यात येते, ही सुधारणाच आहे. यंत्राला जात नसते असेही काही जण म्हणतात. यंत्राला नसेल, पण यंत्राला नियम सांगणाऱ्याला असते, आणि त्याचे अज्ञानही यंत्रात उतरते. खिडकीवरच्या कारकुनाशी निदान भांडता यायचे. त्याचे नाव, टेबल आणि साहेब ठाऊक असायचा. चांदणीशी कसे भांडणार? म्हणून आपली मागणी पोर्टल बंद करण्याची नसावी. ते उघडे करण्याची आणि ते बनवताना आपल्याला विचारण्याची असावी.

'उघडे करा' म्हणजे काय, याचा नीट विचार करू. आज उघडे कोण आहे? आम्ही आहोत. आमचे आधार, बँक खाते, उत्पन्न, जात, बोटांचे ठसे, बापाचे नाव, आईचे नाव, सगळे शासनाकडे आहे. आमच्याविषयी त्याला सगळे माहीत. त्याच्याविषयी आम्हाला काय माहीत? किती अर्ज परत गेले? कोणत्या कारणाने? कोणत्या तालुक्यात जास्त? कोणत्या टेबलावर किती दिवस पडून राहिले? पारदर्शकता खालून वर अशी एकाच दिशेने वाहते आहे. ती दिशा उलटवायची आहे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ काढून वाचा. आपले बहुतेक कार्यकर्ते कलम ६ खाली अर्ज टाकतात आणि कलम ४ विसरतात. कलम ४ सांगते की कुणी मागण्याची वाट न पाहता शासनाने स्वतःहून माहिती जाहीर करायची. ४(१)(घ) सांगते की ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला निर्णयाची कारणे द्यायची. आणि ४(१)(ख) मधला सातवा मुद्दा तर जणू आपल्यासाठीच लिहिला आहे. धोरण ठरवताना आणि राबवताना लोकांशी सल्लामसलत करण्याची काय व्यवस्था आहे, तिचा तपशील प्रत्येक कार्यालयाने जाहीर करायचा आहे. तुमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही कार्यालयाचा हा तपशील काढून पाहा. व्यवस्था असेल तर त्या दारातून आत जाता येईल. नसेल तर ती नाही, हे लेखी मिळेल. दोन्ही उत्तरे आपल्या कामाची आहेत.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हे दुसरे हत्यार. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला या सेवा त्याखाली अधिसूचित आहेत. त्या ठरलेल्या मुदतीत द्यायच्या, नाकारायच्या असतील तर कारण लेखी नोंदवायचे, त्यावर अपील करता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो तो पुष्कळदा या दाखल्यांपाशीच. पण दाखला उशिरा मिळाला म्हणून अपील केलेला तरुण तुमच्या वस्तीत किती जणांना माहीत आहे?

आम्हीही एकदा माहितीचा अर्ज टाकला. तीनच गोष्टी विचारल्या होत्या. आमच्या तालुक्यात किती अर्ज परत गेले, कोणत्या कारणांनी, आणि कारणांची यादी कोणी ठरवली. एका कार्यालयाकडून उत्तर आले की माहिती अशा स्वरूपात संकलित केलेली नाही. म्हणजे प्रत्येक मुलाची रुपयापर्यंत नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेत, किती मुले दारातून परत गेली याची नोंद मागितल्यावर मिळत नव्हती.

मग ती नोंद आम्हीच ठेवायची ठरवली. विहारात रविवारी वंदना झाली की एक वही उघडायची. अर्ज कोणत्या पानावर अडला, स्क्रीनवर काय लिहून आले, कोणता कागद मागितला, किती खेपा झाल्या, किती दिवसांची मजुरी बुडाली. मुलाचे नाव नाही, फक्त अनुक्रमांक. पहिल्या महिन्यात एकाच संदेशाच्या नोंदींनी पाने भरली : 'दस्तऐवज अवैध'. आम्ही त्या नोंदी घेऊन मुलांकडे परत गेलो, कागद पाहिले, तेव्हा लक्षात आले की या दोन शब्दांमागे निरनिराळी कारणे आहेत. कुणाचे स्कॅन पुसट होते. कुणाचा उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा होता. कुणाच्या वाघमारेमध्ये एका कागदावर व्ही होता, दुसऱ्यावर डब्ल्यू. कुणाचे 'बौद्ध' आणि 'महार' जुळत नव्हते. यातली पहिली दोन कारणे मुलाला एका दिवसात दुरुस्त करता येतात. शेवटच्या दोन कारणांत मुलाची चूकच नाही. पण सगळ्यांना शिक्षा एकच, आणि संदेशही एकच.

ती वही घेऊन आम्ही एका कॉलेजात गेलो. अर्ज तपासणारा क्लार्क तरुण होता. आम्ही भांडायच्या तयारीने गेलो होतो. तो म्हणाला, ''सर, माझ्या स्क्रीनवर कारण लिहायला जागाच नाही. यादीतलं एक निवडायचं, बस. मलाही वाटतं पोरांना नीट सांगावं.'' आम्हाला वाटत होते की क्लार्क काहीतरी लपवतो आहे. खरे म्हणजे त्याच्याही हातात एक यादीच होती, आणि ती यादी करतानाही त्याला कुणी विचारले नव्हते. त्या दिवशी ठरले की कॉलेजच्या फलकावर दर आठवड्याला परत आलेल्या अर्जांचे क्रमांक लागतील आणि प्रत्येकापुढे खरे कारण हाताने लिहिलेले असेल. एक कागद आणि एक टाचणी. पुढच्या हंगामात त्या कॉलेजातल्या मुलांच्या खेपा कमी झाल्या. आमच्याकडे येणाऱ्यांना आता नेमके ठाऊक असायचे की कोणता कागद कुठून आणायचा आहे.

आमच्या वहीसारखे काम देशात याआधी मोठ्या पायावर झाले आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ साली कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांचे कागद गावापुढे मोठ्याने वाचले गेले आणि लोकांनी खरेखोटे सांगितले. तिथून सुरू झालेल्या लढ्याचा माहिती अधिकार कायद्यात मोठा वाटा आहे. पुढे १३ सप्टेंबर २०१९ ला राजस्थानात 'जन सूचना पोर्टल' सुरू झाले. रेशन, पेन्शन, रोजगार अशा योजनांची माहिती तिथे अर्ज न करता पाहता येते. आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट ते बनले त्या पद्धतीची. 'डिजिटल संवाद' नावाच्या बैठकांत माहिती तंत्रज्ञान विभागाचे अधिकारी आणि गावात काम करणारे कार्यकर्ते समोरासमोर बसत. कोणती माहिती हवी, कोणत्या भाषेत, कोणत्या क्रमाने, यावर चर्चा होई. राजस्थानात हे होऊ शकते तर फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात का नाही? मेघालयाने तर २०१७ मध्ये सरकारी योजनांच्या सामाजिक लेखापरीक्षणाचा स्वतंत्र कायदाच केला.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. नाहीतर 'उघडे करा' ही घोषणा उलटी आपल्याच अंगावर यायची.

पहिली. नुसते उघडे करणे पुरत नाही. मे २०२१ आठवा. १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस हवी असेल तर कोविन पोर्टलवर आधी नोंदणी करणे सक्तीचे होते. कोविनने आपली माहिती इतर प्रोग्रॅमना वाचता येईल अशी खुली ठेवली होती. ही चांगली गोष्ट. पण त्याचा फायदा कुणाला झाला? ज्यांना कोडिंग येत होते त्यांनी जागा रिकामी होताच इशारा देणारी साधने बनवली, आणि ज्यांच्या हातात चांगला फोन आणि नेट होते ते पुढे गेले. शहरातले लोक गाड्या घेऊन आदिवासी भागातल्या केंद्रांवर लस घ्यायला पोचल्याच्या बातम्या तेव्हा आपण वाचल्या. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीवर सरकारला प्रश्न विचारले. कोविन मराठीत आले ते जून २०२१ मध्ये, तोवर लसीसाठीची झुंबड होऊन गेली होती. धडा असा : दार उघडे ठेवले आणि आत कसे जायचे हे ठरवताना आपण नसलो, तर धावू शकणारेच आत जातात. म्हणून खुलेपणाबरोबर सहभाग हवा. दोन्हींतले एक सोडून चालणार नाही.

दुसरी. उघडे शासनाला करायचे आहे, विद्यार्थ्याला नाही. शिष्यवृत्तीची यादी नाव आणि जातीसकट फलकावर लावली की वर्गात काय होते हे आपल्यातल्या अनेकांनी सोसले आहे. म्हणून आमच्या कॉलेजच्या कागदावर फक्त अर्ज क्रमांक होता. पण खासगीपणाचे नाव घेऊन शासनाने स्वतःला झाकून घेऊ नये, यावरही नजर हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलम बदलले आणि त्यातला जनहिताचा अपवाद काढला. जनहिताची वाट आता कलम ८(२) मध्ये उरली आहे. अर्ज लिहिताना ते कलम नावानिशी लिहायची सवय लावून घ्या.

कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद, हा प्रकार आपल्याला नवा नाही. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात बोले ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्याला मिळाले नाही. ठराव होता, पाणी नव्हते. लोक चालत गेले तेव्हा ठरावाला अर्थ आला. आज प्रत्येक पोर्टलवर 'सर्वांसाठी' लिहिलेले असते. ते खरोखर सर्वांसाठी आहे का, हे आपण चालत जाऊन पाहिले पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. कोणत्याही शासकीय पोर्टलला लागू पडतील अशा.

१. परत गेलेल्या आणि नाकारलेल्या अर्जांची आकडेवारी दर महिन्याला, तालुकावार आणि कारणवार, त्याच पोर्टलवर जाहीर करा. नावे नकोत, आकडे द्या.

२. 'दस्तऐवज अवैध' असले मोघम संदेश बंद करा. कोणता कागद, काय चूक, ती कुठे आणि किती दिवसांत दुरुस्त होईल, हे साध्या मराठीत लिहा. चूक दुरुस्त करायची मुदत संदेश विद्यार्थ्याला पोचल्यापासून मोजा.

३. नवा रकाना सक्तीचा करायचा असेल तर तो निदान ३० दिवस आधी हरकती-सूचनांसाठी जाहीर करा. चांदणीचा परिणाम कायद्यासारखा आहे, तर तिची रीतही कायद्यासारखी हवी.

४. अर्ज सुरू होण्याआधी प्रत्येक जिल्ह्यात चाचणी घ्या, आणि चाचणीच्या टेबलावर ज्यांचे अर्ज मागच्या वर्षी अडले ते बसवा. ऊसतोड कामगाराची मुलगी, एकल आई, वसतिगृहातला मुलगा, दिसत नसलेला विद्यार्थी आणि अर्ज तपासणारा क्लार्क. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. हे कुणावर उपकार नाहीत.

५. पोर्टलचा सोर्स कोड खुला करा. सरकारी सॉफ्टवेअरचा कोड खुला करण्याचे केंद्राचे धोरण २०१५ पासून आहे. मे २०२० मध्ये आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला केला गेला. मग शिष्यवृत्तीचा का नाही?

पाचव्या मागणीसाठी आम्ही हिंजवडीत, बंगळुरूत, हैदराबादेत काम करणाऱ्या आपल्या तरुणांना हाक देतो. तुमच्यातले कितीतरी जण याच शिष्यवृत्तीवर शिकून इंजिनियर झाले. समाजाचे ऋण फेडायचे म्हणून तुम्ही जयंतीला वर्गणी देता, ती द्याच. पण वर्षातले दोन रविवार जवळच्या विहारात येऊन बसा. मुलांचे अर्ज कुठे अडतात ते पाहा आणि ते तांत्रिक भाषेत लिहून द्या. वस्तीतल्या बाईचा अनुभव आणि तुमची भाषा एकत्र आली तर कुठलाही अधिकारी 'सर्व्हर डाऊन आहे' एवढे सांगून सुटणार नाही.

१९१९ साली साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी स्वतःचे प्रतिनिधित्व मागितले. दुसरे कुणी, कितीही भल्या मनाचे असले तरी, आपल्या वतीने बोलून भागत नाही, हा त्यामागचा विचार होता. कायदे मंडळातल्या जागांसाठी तो लढा झाला. आता नियम कायदे मंडळाबाहेर, संगणकापुढे बसूनही तयार होतात. तिथेही आपली खुर्ची मागावी लागेल.

या वर्षीचा अर्जांचा हंगाम सुरू होईल तेव्हा आपापल्या विहारात एक वही ठेवा. १०० पानी वही पुरते. वर लिहिलेले पाच रकाने आखा, नाव लिहू नका. महिनाअखेर तिची झेरॉक्स काढून कॉलेजला, समाजकल्याणच्या कार्यालयाला आणि तहसीलदारांना द्या आणि पोच घ्या. कलम ४ खाली सल्लामसलतीच्या व्यवस्थेचा तपशील मागा. शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. उत्तराला ३० दिवस आहेत. एका वहीने फार काही होणार नाही. एका जिल्ह्यातल्या सगळ्या विहारांच्या वह्या एका टेबलावर आल्या, तर त्या जिल्ह्याची ती पहिली जनसुनवाई असेल.

जय भीम!